दीड भाकरीचं पीठ

चौथा प्रश्न आला की वर्गातली बोटं अडखळतात.
पहिल्या तिघांपर्यंत ती ओळीवरून नीट चालतात,
पाटाच्या कडेनं चालावं तशी.
काच कशानं पुसली? राखेनं. तिसरी ओळ.
बोट टेकलं, उत्तर सापडलं, गुण एक.

चौथ्याला मोहसीन मुलाणी पान उलटून बघतो,
मागं छापलंय का म्हणून.
"सर, ह्येचं उत्तर द्याचं राहिलंय."

दिलंय रे. लिहिलं नाही, एवढंच.

विट्यापासून अकरा किलोमीटर, सहावीचा वर्ग,
खिडकीतून औषधाचा उग्र वास.
मी विचारलं, बाहेर काय चाललंय?
"फवारणी."
बघून आलास?
"नाय. वास येतोय की."
कुणाच्या बागेत?
"येलपल्यांच्या. त्यांच्याच ट्रॅक्टरचा सायलेन्सर फुटलाय."
वर्ग हसला. मी म्हटलं, झालं. हाच चौथा प्रश्न.

मग उतारा पुन्हा वाचला, सावकाश:

सुमनने दीड भाकरीचे पीठ मळले.
दिवस मावळला होता.
राखेने कंदिलाची काच पुसली.
फळीवरून दोन ताटे काढली.
दाराकडे पाहिले. एक ताट परत ठेवले.

सुमनला तेव्हा काय वाटले असेल?
समर्थ उभाच राहिला, "तिचा नवरा मेला, सर."
थांब. एवढी लांब उडी नको.
उतारा तेवढं बोलत नाही.
आपल्या बांधाच्या आत राहायचं,
शेजारच्या रानातलं कणीस मोडायचं नाही.

उत्तरसूचीत होतं: ती वाट पाहून निराश झाली.
मी खडू उचललाही होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून, न उठता, गौतमी देवकर:
"ती वाट बघत नव्हती, सर.
पीठ दीडच भाकरीचं हाय.
कुणी येणार नाय हे तिला मळतानाच ठावं हुतं.
ताटं दोन निघाली
ती हाताच्या सवयीनं."

नऊ वर्षं हा उतारा शिकवतोय.
पहिली ओळ मी फक्त पहिली म्हणून वाचत आलो.

त्या संध्याकाळी मी गौतमीलाच वाचायला घेतलं.
दप्तरावर तेलुगू अक्षरांत कुठल्याशा दुकानाचं नाव,
डब्यात कडा फाटलेली भाकरी,
आणि आमच्या भागात दर तिसऱ्या घरातला माणूस
सोनं गाळायला मुलखाच्या दुसऱ्या टोकाला.
वडील विजयवाड्याला.
घरी एक ताट फळीवर.
पोरीचे डोळे म्हणून इतके मोठे.
मी स्वतःला दोनपैकी दोन गुण दिले
आणि बायकोला सांगताना माझा आवाजही जरा भरून आला.

पालकसभेला देवकर आले. अंगठ्याला ॲसिडचा जुना डाग.
"दुकान मोडून तीन वर्षं झाली, गुरुजी.
आता हितंच असतो. मिसेसची रातपाळी, विट्याला दवाखान्यात.
भाकरी मीच थापतो. कडा फाटत्यात अजून."
पुढे म्हणाले, "गौतमीला सवय आहे,
आईचं ताट काढती आन परत ठेवती,
मग आमी दोघं हसतो."

हसतात.

मी प्रगतिवही उघडली.
दर शनिवारी पालकाची सही,
ठसठशीत, निळ्या शाईत, तारखेसकट, तीच, देवकरांची.
आणि तिच्या शेजारी
दर सोमवारी
माझी.

समर्थला मी काय सांगितलं होतं ते आठवलं
आणि समर्थकडे दोन दिवस नीट बघवेना.

उत्तरसूची खोडली नाही; ती पुण्याहून येते.
समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलं,
पुढच्या वर्षीच्या मला कळावं म्हणून:
पीठ बघ.