तपासणीच्या आदल्या रात्री

शिवगंगा वहीत रेघा मारून बसलीय.
वर लिहिलंय फी, होस्टेल, बस, नोकरी, ग्रेड.
खाली लातूर, उदगीर, अहमदपूर,
नांदेड रोडचं ते काचेचं,
आन् परभणीच्या वाटेवरचं एक.
पसंतीक्रम उद्या रात्री बारापतोर भरायचाय.
'पप्पा, तुम्ही तर समदीकडं जाता.
सांगा की, कोणतं बरं?'

जातो ना.
तेरा वर्षं झाली, छोटा हत्ती तोच,
इंजिन दोनदा उतरवलंय.
कमिटी यायची असली की फोन येतो,
'मन्मथअप्पा, माल उचला.'
माल म्हंजे अकरा मायक्रोस्कोप,
गोळ्या पाडायचं यंत्र,
पुस्तकांच्या बावीस पेट्या,
आन् सांगाडा.

सांगाड्याला मी पुढं बसवतो, क्लीनरच्या जागी.
मागं टाकला की बरगड्या सैल होतात.
चाकूरच्या पुढं खड्ड्यात त्याचा जबडा वाजतो,
वाटतं, कायतरी बोलायलाय.
डाव्या हाताला करंगळी न्हाई,
ती उदगीरच्या जिन्यात पडली, माझ्याच हातनं.
मांडीच्या हाडावर चार कॉलेजांचे नंबर,
एकावर एक चिकटवलेले.
खालचा वाचायचा तर नखानं खरवडावं लागतं.

आता हे कोणत्या रकान्यात बसवू?

लातूरला लिफ्ट हाय, पण ती कमिटीला.
मी सांगाडा खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर गेलो,
पोरं जिन्यात बसून पाठ करायली होती,
एकानं बी मान वर केली न्हाई.
उदगीरचे प्राचार्य स्वतः पेट्या उतरवू लागतात.
सात महिने पगार न्हाई त्यांना,
टायची गाठ मात्र रोज नवी.
काचेच्या इमारतीपुढं कारंजं हाय.
कारंज्याला टँकर येतो, मी बघितलाय.
मुलींच्या होस्टेलात बादल्यांची रांग,
बादल्यांवर खडूनं नावं.

परभणीच्या वाटेवर मी एकदाच गेलो.
फोन संस्थेच्या ऑफिसातनं आलेला,
पण दारात बाई उभ्या, बाहीवर औषधाचा पिवळा डाग.
'काय आणलंय?'
सांगितलं.
'परत न्या. आमच्याकडं जे हाय तेच दाखवू.'
मग चहा दिला. भाडं बी दिलं, स्वतःच्या पर्समधनं,
सुट्टे नव्हते म्हणून वीस जास्तीचे.
सांगाड्याकडं बघून म्हणाल्या,
'यांची किती वर्षं सर्व्हिस झाली?'

त्या साली त्यांना सी मिळाला.
बाकी समद्यांना ए.
खरं तर ए माझ्या टेम्पोला मिळाला म्हणा.

शिवगंगा पेन दातात धरून ऐकायली.
'मग त्यांच्याकडं सांगाडा हाय का?'
'न्हाई. भिंतीवर चित्र हाय. कडा उडालेल्या.'
'आन् कंपन्या येतात?'
'ते मला काय ठाव.'
तिनं रकान्यात 'चित्र' लिहिलं.
खोडलं.
परत लिहिलं, बारीक अक्षरात.

एक सांगितलं न्हाई मी तिला.
तिच्या बारावीचे क्लास, मेसचा डबा,
फॉर्म भरायचाय तो मोबाईल,
समदं ह्या हाडांच्या भाड्यातनं आलंय.
तिला ठाव असंल बी.
पोरगी हिशेबाला पक्की हाय.

फोन वाजला.
'अप्पा, पहाटं चारला. काचेचं.'
तिनं वहीवरची मान वर केली.
मी 'हाव' म्हणालो.

पहाटं निघालो तवा वही उघडीच होती,
पंख्यानं पान फडफडायलं.
दोनपासून खाली समदं भरलेलं.
एक नंबरची जागा कोरी.

सांगाड्याला पट्टा लावला.
चाकूरच्या पुढं खड्डे आले तवा
एका हातानं स्टिअरिंग,
दुसऱ्यानं त्याचा जबडा धरून ठेवला.