झाकण

हेमांगी गांगुर्डे फॉर्म घेऊन आली तेव्हा
मी कुंडीतल्या पुदिन्याला पाणी घालत होतो.
"काका, मैल्याची टाकी कुठंय? नोंद करायचीय."
मी अंगणाकडे हात केला.
अंगण सगळं एकसारखं,
मुलाच्या लग्नात बसवलेल्या ठिपक्यांच्या फरश्या.
झाकण त्यांच्याखाली कुठेतरी.

एकोणनव्वदला कादर मिस्त्रीने बांधली.
म्हणाला होता, लक्षात ठेवा,
तुळशीपासून सात पावलं.
तुळस आता गच्चीवर आहे
आणि पावलं कुणाची, ते विचारायचं राहिलं.

तिने पहार मागितली.
एकेका फरशीवर टोला, मग कान देऊन उभी.
ठक्क. ठक्क.
शेजारचे बोराडे कुंपणावर रेलून,
"नारळ निवडताय का?"
पाचव्या रांगेत आवाज बदलला.
ढब्ब.
झोपेतल्या माणसाने हुंकार द्यावा तसा.

मी प्रेसमध्ये होतो, नंबरिंगला.
एकतीस वर्षं नोटांवर आकडे उमटताना बघितले,
एक आकडा दोनदा येऊ नये म्हणून
डोळे ताणून.
घरी येऊन हात धुवायचो, शाई सुटायची,
निळसर पाणी मोरीच्या जाळीतून जायचं
आणि गेलं म्हणजे गेलं.
त्याचा हिशेब कुणी मागितला नाही,
गेटवर आमचे खिसे चाचपणाऱ्यांनीसुद्धा.

फॉर्म मागतो.
लांबी, रुंदी, खोली, कप्पे किती.
घरात माणसं किती?
मी पाच लिहिलं,
मग इंदुमतीचा एक कमी केला.
खाडाखोड झाली. हेमांगी म्हणाली,
चालेल, बाजूला सही करा.

शेवटचा उपसा कधी?
उपसा?
"गाडी बोलावून गाळ काढतात, काका. दोन-तीन वर्षांनी."
पस्तीस वर्षांत आम्ही फक्त वरून फरश्या धुतल्या.

टाकीतलं पाणी पुढे कुठे जातं:
शोषखड्डा, गटार, इतर.

रोज संध्याकाळी मी विहितगावच्या पुलावर उभा राहतो.
वालदेवीवरचा फेस बघतो, पानवेली बघतो,
नाकाला रुमाल लावून
वरच्या सगळ्या गावांना
नावं घेऊन शिव्या घालतो.
कादरचा चार इंची पाइप चिंचेखालून निघून
कुठे उतरतो,
हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

'इतर'पुढे रिकामी रेघ होती, एका शब्दापुरती.
मी नदीचं नाव लिहिलं.
अक्षर प्रेसच्या रजिस्टरात काढायचो तसं,
गोल, सुटं.

हेमांगीने वाचलं. काही बोलली नाही.
पावतीवर नंबर टाकून दिला.
मी सवयीने कागद
उजेडासमोर धरून बघितला.

फरशी अजून परत बसवलेली नाही.
सून म्हणते, पाहुणे येतात, बरं दिसत नाही.
म्हटलं, येऊ देत,
वळसा घालून.