गुलाबी खडू

रात्री सव्वाला गाडी जमिनीवर टेकवली.
बाबागाडीएवढी, चार चाकं,
पोटाखाली अँटेना.
शिवाजी पेठ, गिरणीचा बोळ.
नवी जलवाहिनी टाकण्याआधी जुनी शोधायची.
सोबत इलाही मुजावर, निवृत्त व्हॉल्वमन,
हातात लोखंडी सळई,
एक टोक कानाला लावून लावून गुळगुळीत झालेलं.

पडद्यावर वस्तू वस्तूसारखी दिसत नाही.
लाटेला ती लांबूनच लागते,
पुढे गेल्यावरही लागत राहते,
म्हणून पाइपाची मिशी होते,
मधे उंच, दोन्हीकडे ओघळलेली.
बिडाचा असेल तर काळीभोर,
सिमेंटचा असेल तर नुकती फुटलेली.
मी वाकून खडूने खूण करते.
"वाईच म्होरं, ताई," चाचा म्हणतात,
"हितं त्यो वळतोय."
नकाशात तो सरळ आहे.
यंत्रातही वळतो.

कशाला वळसा घालतो, ते चार पावलांवर कळलं.
दोन मीटर रुंद खळगा,
थर आत झुकलेले, मधोमध भात खचावा तसे,
आणि तळाशी काहीतरी लख्ख.
त्याच्याखाली काळी माती. ती लाटा पिऊन टाकते,
परत काही देत नाही.
मी गाडी मागे घेतली. पुन्हा ढकलली.
तेच.

"धातू आहे चाचा. काय असेल?"
त्यांनी सळई टेकवली, कान लावला.
"पाणी न्हाई. हीर हुती हितं.
नळ आलं आन् बुजवली.
मुरूम मीच वतला, एकवीस ट्रॅक्टर.
लोकांनी वरनं रहाट टाकला, दोर टाकलं,
एकीनं तर..."
आणि बिडी शोधायला लागले.
खिशात नव्हती. तरी बराच वेळ शोधत होते.

फॉर्मात रकाना आहे: वस्तूची ओळख.
लिहिलं, बुजवलेली विहीर.
खोली अडीच मीटर, अंदाजे.
पुढचा रकाना, आधार. तिथे यंत्राचा नंबर घालतात.
मी इ. मुजावर लिहिलं,
खोडलं,
परत लिहिलं.

सकाळी खोदाईवाले यायच्या आत
बोळात सडा पडलेला,
माझ्या गुलाबी खुणा गटारीला लागलेल्या.
दारात हौसाक्का, उकिडवी, हातात रांगोळीची वाटी.
"हितं खोदू नगासा बरं का,"
मान वर न करता म्हणाली,
"खाली हीर हाय.
माझी कळशी हाय तिच्यात, तांब्याची."

मी खडू काढला. "नेमकी कुठं, आक्का?"

तिनं चिमूट सरकवली, जरा डावीकडे,
आणि एक ठिपका सोडला.