झिरा

वैशाखात नदी बघायला कोण जातं?
बोरिवलीच्या फाटकात तिकीट फाडणाऱ्या मुलीनंही हेच विचारलं.
मी चष्मा पुसत म्हटलं, ओळखीची आहे.

काळूराम बरफ पुढे, मी मागे.
आडनाव ऐकून हसलो तर तोही हसला, सरावाचं हसू:
"मे महिन्यात लोकांना फार आवडतं, साहेब."

पात्रात नुसते धोंडे,
म्हशी बसल्या जागी वाळून गेल्यासारखे.
करवंदीच्या काट्यांत सावरीचा कापूस.
काळूराम थांबतो. बोट ओठांवर.
उंबराआडून एक पांढरी फीत सुटते
आणि पानांत बुडते.
स्वर्गीय नर्तक, मी कुजबुजतो, पुस्तकातलं.
तुमच्या पाड्यावर काय म्हणतात?
"पाखरू," म्हणतो, आणि चालू लागतो.

सुकत्या चिखलात बिबट्याचा पंजा,
कडा अजून ओलसर.
मी टेप काढतो. साडेसात सेंटीमीटर. जुनी खोड.
बत्तीस वर्षं हीच नदी मोजली,
खाली दहिसरला, पुलापासून खाडीपर्यंत:
तबेल्यांचं शेण, कुठल्या तरी कारखान्याचं निळं पाणी
आणि दोन्ही काठांना भिंत, रनिंग मीटरमध्ये.
फायलीत तिचं नाव नाला.
टायपिस्टची चूक नव्हती ती,
अक्षर माझं होतं.

काळूरामला हे सांगणार होतो एका वळणावर,
पण तांबट टुक टुक टुक थांबेचना
आणि तो म्हणाला, तहान लागली का साहेब?

वाळू दिसली तिथं तो गुडघ्यांवर बसला,
दोन्ही पंजांनी उकरू लागला, कोपरापर्यंत.
इथं काय असणार, मी म्हणालो.
मी. इंजिनिअर.
आधी गार वाळू, मग ओली,
मग कडेकडेनं झिरपत
वाटीभर गढूळ.
"निवळू द्या."

बसलो.
पाणी निवळेपर्यंत माणसानं काय करायचं
हे कुठल्याच टेंडरात नव्हतं.
एक पिवळं फुलपाखरू आलं, काठावर टेकलं,
आमच्या आधी प्यालं.

पिशवीतली बाटली मी काढलीच नाही.

निघताना काळूरामनं झिरा बुजवला नाही.
"रात्री येईल कोणी," म्हणाला.
कोण, ते मी विचारलं नाही.
माप माझ्या वहीत होतं.