अर्थ मिळत नाही

द्रौपदी चोगलेंची पिकअप तिसऱ्यांदा आली,
या वेळी टोचन लावून, मागे बर्फ ठिबकत,
नऊ खोकी सुरमई दुसऱ्याच्या टेम्पोत चढवून.
खेडच्या चढाला धाप लागते, म्हणाल्या,
मग पिवळा दिवा लागतो,
मग नुसती चालते, पळत नाही,
आमच्या मामंजींसारखी.

दापोलीत सेन्सर बदलला.
चिपळूणच्या माणसाने तो बदललेला बदलला.
दोन्ही बिलं त्यांनी पिशवीतून काढली,
खवल्यांनी एकमेकांना चिकटलेली,
आणि माझ्या बाकावर ठेवली,
पंचांपुढे ठेवावीत तशी.

स्कॅनर लावला. तो म्हणतो, डिझेलचा दाब जास्त.
किती जास्त?
जितका असूच शकत नाही तितका.
इंजिन बंद, रेल थंड, चावी अर्धीच फिरवलेली
आणि आकडा टोकाला जाऊन बसलेला.
असं कोणी बोलू लागलं
की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही,
पायाखाली बघतो.

तीन तारा असतात.
एक पाच व्होल्ट घेऊन येते.
एक निरोप घेऊन जाते.
तिसरी तशी काहीच करत नाही,
जमिनीला धरून असते.

पाच व्होल्ट होते.
निरोपाची तार थेट कॉम्प्युटरपर्यंत शाबूत.
मग बॅटरी सोडवली, दोन्हीकडची सॉकेटं काढली,
तिसरीच्या दोन टोकांना मीटरच्या पिना लावल्या
आणि कान देऊन बसलो.
बीप नाही.
तार हलवली. अर्धवट एक उचकी. परत नाही.

"अर्थ मिळत नाही," मी म्हणालो.
"मग शोध की," बाई म्हणाल्या,
"त्या दोघांनी सेन्सर शोधला. तू अर्थ शोध."

टेप सोलत गेलो.
बांगड्याचा काटा सोडवावा तसा, नखाने,
बॅटरीच्या ट्रेखालून पुढे,
जिथे खारं पाणी पोचतं,
कारण लिलावाला ही गाडी पुळणीवर उतरते,
पार लाटेच्या ओठापर्यंत.

एका ठिकाणी तार फुगली होती.
चिरली, तर आत हिरवी भुकटी.
कल्हई गेलेल्या भांड्यात आमटी राहिली
की चढतो तो कळंक.
तांब्याचे केस एकेक करून सुटलेले,
दोन उरले होते,
तेवढ्यावर गाडी खेडपर्यंत जात होती.

आणि फुगवट्याच्या मधोमध, रबरात,
एक भोक.

शिवणयंत्राच्या सुईचं.
आमच्या शमीमच्या मशीनची सुई, सोळा नंबर.
दोन वर्षांपूर्वी, नारळीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी,
दुसऱ्याच कसल्या बिघाडासाठी, घाईत,
मी ही तार टोचून बघितली होती.
टोचली, आकडा मिळाला, सुई काढली.
वर थेंबभर नेलपॉलिश लावायचं असतं.
उस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेलं.
बाटली तेव्हाही याच खणात होती.

समुद्राला सुईएवढी वाट पुरते.

वीतभर तार कापली, नवी जोडली,
डाख दिला, वर नळी चढवून आच दाखवली.
बीप.
गाडी पहिल्या फिरकीला उठली
आणि दाबाचा आकडा उतरत उतरत
आपल्या जागी येऊन बसला,
काही झालंच नव्हतं असा.

"किती झाले, मुबीन?"

कापलेला तुकडा मी मुठीत धरला होता.
मूठ उघडायची की नाही
हे ठरवायला इंजिन गरम होईपर्यंतचा वेळ होता.
उघडली.
भोक दाखवलं.
त्यांनी तार उजेडाकडे धरली,
कल्ले उचलून बघतात तशी नजर.
"हे कोणी केलं?"
"मी."

बाई बोलल्या नाहीत.
बाकावरची दोन्ही बिलं उचलली,
घडी घालून माझ्या शर्टाच्या खिशात घातली,
खवल्यांसकट,
आणि गिअर टाकला.
लिलाव पाचला असतो.