समासात, पेन्सिलीनं

हर्षाली गांगुर्डे, तुझी वही
तीन आठवडे माझ्या उशाशी होती.
दोनशे पानी, कव्हरवर द्राक्षांच्या औषधाची जाहिरात,
पिंपळगावच्या कुठल्याशा दुकानानं दिवाळीत वाटलेली.
आत बासष्ट कविता.

मी एकतीस वर्षं नाशिकरोडला प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, कड तिरपी,
की लाल खूण, आणि ताव बाजूला.
कुणाचं मन मोडत नसे त्यात.
कागदाला आई नसते.
हे आधीच सांगतो, कारण
माझ्या डोळ्यांना पहिल्यांदा चूकच दिसते.
खोड आहे ती, हुशारी नव्हे.

म्हणून या वेळी लाल पेन नातवाला देऊन टाकलं
आणि पेन्सिल घेतली.
पहिल्याच पानावर समुद्र. चौथ्यावर समुद्र.
शेवटी मोजले : सतरा.
सातपूरला पॅकिंगच्या पट्ट्यापाशी आठ तास उभी राहणारी तू,
तुझ्या वाटेवर नासर्डी, तीही अर्धी नाला.
'समुद्र पाहिलायस का गं?'
असं समासात लिहिलं. मग 'का गं' खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

मलाही एकदा एका मोठ्या माणसानं
वही परत दिली होती, कार्यक्रमानंतर, जिन्यात.
म्हणाला, "छान."
शाई सांडून दोन पानं चिकटली होती माझ्याकडूनच,
घरी येऊन पाहिलं, तर तशीच चिकटलेली.
त्या 'छान'वर मी दोन वर्षं काढली
आणि नंतर लिहिलंच नाही.
शिवी दिली असती तर निदान भांडलो असतो.

बुधवारी बिटकोजवळ चहाला बसलो आपण.
मी म्हणालो, "चाळीस जातील."
साखर कधीच विरघळली होती,
तू चमचा फिरवत राहिलीस.
"जातील म्हणजे मरत नाहीत, ट्रंकेत जातात,"
असं काहीतरी बोललो मी. फसलं ते.
मागच्या टेबलावर कुणी रस्सा पुन्हा मागत होतं.

मग पान अठ्ठेचाळीस काढलं.
तिथं मी काहीच लिहिलेलं नव्हतं.
नुसतं एक टिंब, पेन्सिल टेकून राहिल्याचं.

*सायरन झाला की हातमोजे काढते*
*आणि बोटं मोजते.*
*दहा.*

"ही?" तू म्हणालीस. "ही तर मी काढणार होते, सर.
कविता वाटतच नाही. असं तर रोजच होतं."

नोट उजेडाकडे धरावी लागते, हर्षाली.
खरेपणा कागदात असतो,
वरून छापता येत नाही.
हे सांगायला गेलो आणि घसाच बसला.
नुसती वही उचलून खिडकीकडे धरली.
कागद स्वस्तातला. मागच्या पानावरची ओळ
उलटी, आरपार दिसत होती :
तीही समुद्राचीच.

तू हसलीस. मग एकदम रागावून,
"बाकीच्या चाळीस कोणत्या, ते एकेक सांगा.
का, तेही सांगा.
आत्ता. मला दुसरी पाळी आहे."

मी आणखी दोन चहा सांगितले
आणि पहिल्या समुद्रापाशी पान उघडलं.