अनघड दगडी बांध

बोर्ड कुणी फाडला, ते अजून ठरलं नाही.
शुक्रवारी रात्री दगड वरच्या आळीतनं खाली आले,
मग खालनं वर गेले.
सकाळी झाडायला आलेल्या नागवेणीनं ते गोळा केले,
पंचायतीच्या भिंतीला लावले. सात घमेली.
कुठला कुणाचा, तिला ओळखू आलं नाही.

अक्कलकोटहून फौजदार आले, नावं लिहून घेतली.
मीही लिहिली, माझ्या वहीत, निराळ्या कारणासाठी.
पुढं याद्या ताडून बघितल्या तर
तेवीसातली एकोणीस तीच.

मी ग्रामरोजगार सेवक.
मानधन टक्क्यावर, तेही सहा महिन्यांनी,
त्यामुळं मोठं बोलायची सवय नाही.
एवढंच बघत आलोय:
ज्वारी काढून झाली की पारावर पोरं वाढतात,
मोबाईलची बॅटरी संपेस्तोवर खाली बघतात
आणि मग एकमेकांकडं.

नमुना चार भरून घेतले.
बोरीच्या अलीकडच्या ओढ्यावर काम निघालं.
मस्टरला जातीचा रकाना आहे,
भांडणाचा नाही.
चौथ्या जोडीला मी मुद्दाम लावले
इरण्णा आणि मौलाली.
इरण्णाच्या भुवईवर टाके होते.
ते कुणामुळं, हे मौलाली सोडून सगळे बोलत होते.

पहिल्या दिवशी एक शब्द नाही.
दुसऱ्या दिवशी, "हिडी."
आमच्याकडं भांडण मराठीत, काम कानडीत.
तिसऱ्या दिवशी दगड निसटला,
मौलालीच्या अंगठ्यावर आला.
सगळ्यांचे हात थांबले. मीही टेप धरून तसाच.
इरण्णा खाली बसला, अंगठा दाबून बघितला,
म्हणाला, "मोडला नाही की ओ. पाणी वता."

एवढंच. मिठी-बिठी काही नाही.
भाकऱ्या वेगवेगळ्या बाभळीखालीच सुटल्या,
शेंगाचटणीचा डबा तेवढा एकदा इकडनं तिकडं गेला
आणि रिकामा परत आला.

दगड फेकायला एक हात पुरतो.
बसवायला दोन माणसं लागतात.

सोलापूरहून साहेब आले, म्हणाले,
गाव थंड झालं, बंदोबस्त चांगला होता.
मी मान हलवली.
बंदोबस्ताची गाडी तेव्हा एसटी थांब्याच्या सावलीत
काचा खाली करून झोपली होती.

आता मस्टर संपलं.
सव्वीस दिवस झाले, खात्यावर पैसे नाहीत.
इरण्णा रोज विचारतो. मौलाली रोज विचारतो.
काल दोघं मिळून आले
आणि आवाज चढवला तो माझ्यावर.
बरं वाटलं.
भीतीही वाटली, कारण
परवा नवा बोर्ड लागणार आहे.

नमुना चारचे कोरे कागद
माझ्या खर्चानं झेरॉक्स करून आणलेत.
पारावर ठेवलेत, उडू नयेत म्हणून वर
नागवेणीच्या ढिगातला एक दगड.